आमच्या गच्चीवरची तोफ

आईचं म्हणणं असं, की कुवेतच्या त्या हिवाळ्याबद्दल लिहायचंच असेल तर खुबूसपासून सुरुवात कर, तोफेपासून नको. "तोफा काय, सगळ्यांच्याच लढाईत असतात," म्हणते. सध्या ती आमच्याकडे न्यूझीलंडला, बॉटनी डाउन्सला राहायला आली आहे. मी डायनिंग टेबलाशी लिहायला बसले की ती समोर मटार सोलत बसते आणि माझ्यावर लक्ष ठेवते. माझी पन्नाशी उलटली, पण तिच्या लेखी मी अजून पेपर लिहायला बसलेली मुलगीच आहे. तर खुबूस.

खुबूस म्हणजे तिकडची रोटी. ताटाएवढी, पांढरी, भट्टीतून निघताना टम्म फुगलेली आणि घरी येईपर्यंत बसलेली. चांगल्या दिवसांत आम्ही तिला कधी मान दिला नव्हता. आई रोज पोळ्या करायची. खुबूस आणायचा तो कंटाळा आला किंवा पाहुणे अवेळी आले तर. पण एका उन्हाळ्यात शेजारच्या इराकचं सैन्य शहरात शिरलं, कुवेतचे राज्यकर्ते देश सोडून गेले, दुकानांची फडताळं रिकामी होत गेली आणि हिवाळा येईपर्यंत आमच्या डब्यातली कणीक संपली. मग खुबूस हेच अन्न झालं. बाबा पहाटे मफलर गुंडाळून बेकरीच्या रांगेत उभे राहायचे आणि आणलेले खुबूस कोटाच्या आत, पोटाशी धरून घरी यायचे. त्यांनी कोटाची बटणं सोडली की घरभर गरम, किंचित आंबूस वास पसरायचा. आई त्याच्याबरोबर कुळथाची पिठी करायची, मेतकूट कालवायची, टोमॅटोच्या डब्यातल्या लगद्याला फोडणी द्यायची. शिळ्या खुबूसचा चिवडा व्हायचा, उपमा व्हायचा. एकदा तिने खजूर घालून त्याचे लाडू केले होते. "ते लाडू काही वाईट नव्हते," ती आत्ता मटार सोलता सोलता म्हणाली. वाईट होते.

त्या उन्हाळ्यात आमच्या ओळखीतले जवळजवळ सगळे भारतीय निघून गेले. बस भरून वाळवंटातून बसरा, बगदाद, मग जॉर्डन, आणि तिथून विमानाने मुंबई. माझ्या वर्गातल्या मैत्रिणी एकेक करून निरोप घ्यायला आल्या, आणि प्रत्येकीने आपलं काहीतरी माझ्यापाशी ठेवायला दिलं. कोणी कॅसेट्स, कोणी सायकल, एकीने तर लव्हबर्ड्सचा पिंजरा. आम्ही मात्र गेलो नाही. आईला आठवा महिना होता. माझ्यानंतर तिची दोन बाळंतपणं फुकट गेली होती, वय चाळिशीला टेकलं होतं. डॉक्टरीणबाई इजिप्तच्या होत्या, त्यांनी बाबांना खोलीबाहेर नेऊन सांगितलं, की ह्या उन्हात, त्या रस्त्याने निघालात तर दोघांपैकी एकही पोचणार नाही. माझे बाबा एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होते. साधा शर्ट घ्यायचा तरी चार जणांना विचारणारा माणूस. त्यांनी त्या दिवशी कोणालाही विचारलं नाही. घरी येऊन बॅगा माळ्यावर टाकल्या आणि म्हणाले, "राहायचं." पुढे ओंकार जन्मला तो अशक्त, पिवळा पडलेला. त्याच्या अंगावर जरा मांस चढेपर्यंत मुंबईची विमानं बंद झाली होती.

आमची इमारत सालमियात, समुद्रापासून दोन गल्ल्या आत. सात मजले आणि बहुतेक दारांना कुलपं. चौथ्या मजल्यावर आम्ही आणि दुसऱ्यावर हमीदाचाची. ती दापोलीकडची. एका कुवेती कुटुंबात स्वैपाकाला होती, ते कुटुंब पळालं. चाचा सुटीवर गावी गेलेले, ते तिकडेच अडकले. चाचीला बसमध्ये जागा मिळत होती, पण आईने तिला जा म्हटल्यावर ती चिडलीच. "तू अशी पोटुशी, आणि मी जाऊ? माझा पाय तरी उचलेल का गो?" म्हणाली, आणि आपली गादी उचलून आमच्याकडे राहायला आली. ओंकार झाला तेव्हा इस्पितळाच्या दाराशी तीच बसून होती. बाळंतिणीला डिंकाचे लाडू मिळाले नाहीत याचं तिला इतकं वाईट वाटायचं, की खजुराच्या बिया भाजून, कुटून त्याची कॉफी करून ती आईला पाजायची. आई ती कशी प्यायची देव जाणे.

विमानं यायला लागली ती ऐन थंडीत. इराकी सैन्याला कुवेतमधून हुसकावण्यासाठी बऱ्याच देशांनी मिळून हवाई हल्ले सुरू केले होते. म्हणजे ती विमानं आमच्या बाजूची, असं बाबा म्हणायचे. "आपल्या बाजूचा बॉम्ब अंगावर पडला तर कमी लागतो का हो?" असं आई विचारायची. आधी कुत्री भुंकायची. मग भोंगा वाजायचा, कानात दडे बसल्यासारखं व्हायचं, आणि त्यानंतर तो आवाज. तो वरून येतो असं सगळे समजतात, पण मला तो नेहमी जमिनीतून, गादीतून, पाठीच्या कण्यातून आला. घरातल्या मधल्या बोळाला खिडकी नव्हती. तिथे आम्ही गाद्या टाकल्या होत्या आणि दोन दारांच्या चौकटींना आईच्या जुन्या सुती साडीची झोळी बांधली होती. लांब कुठे बॉम्ब पडला की ओंकारची झोळी कोणी हात न लावता हलायची. तो कधी कधी त्यानेच झोपायचा. विषारी वायू सोडतील अशी अफवा होती, म्हणून न्हाणीघराच्या फटींना चिकटपट्ट्या लावल्या होत्या आणि दाराशी ओले टॉवेल. चाची त्या टॉवेलांना हसायची. "ह्या फडक्यानं जीव वाचतो तर डाक्टर कशाला हवेत?" पण वाळले की तीच पुन्हा भिजवून आणायची.

ते आवाज अंगातून पूर्ण गेले असं मी म्हणणार नाही. न्यूझीलंडला आलो त्या पहिल्या वर्षी आम्ही फिरायला एका छोट्या गावी गेलो होतो. डेअरीतून, म्हणजे तिथल्या कोपऱ्यावरच्या दुकानातून, आइसक्रीम घेऊन बाहेर पडतो न पडतो तोच भोंगा सुरू झाला. खालून वर चढत जाणारा, अगदी तसाच. मी माझ्या मुलीला, ईराला, बखोटीला धरून तिथल्या बाकाखाली घातलं. दुकानदार धावत बाहेर आला. आग विझवायला जाणाऱ्या गावकऱ्यांना बोलवायचा भोंगा आहे, म्हणाला, घाबरू नका. मग माझ्याकडे नीट पाहून त्याने मला पाणी दिलं आणि ईराला दुसरं आइसक्रीम. परतताना ईरा गाडीत म्हणाली, "मम्मा, दॅट वॉज हीप्स ऑफ फन." मी हसले.

आमच्या गच्चीवर तोफ आली ती एका सकाळी. सैनिकांनी तिचे सुटे भाग खांद्यावरून जिन्याने वर नेले, कारण लिफ्ट कधीच बंद पडली होती. विमानांवर डागायची, दोन नळ्यांची. तीन माणसं तिच्यापाशी मुक्कामाला राहिली, लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत. त्यांचा मुख्य होता तो अबू हैदर. दाढीचे पांढरे खुंट, दुखरे गुडघे. प्रत्येक मजल्यावर तो पायरीवर बसून घ्यायचा. पाणी मागायला आमच्या दाराशी आला तेव्हा बाबांच्या हातातून तांब्या घेताना त्याने आधी बूट काढले. मला अरबी यायचं. लहानपणापासून खालच्या पॅलेस्टिनी मुलींबरोबर गल्लीत खेळून शिकलेलं, शिव्यांसकट. त्यामुळे घरातला दुभाषा मीच. अबू हैदर बसऱ्याजवळच्या एका गावात न्हावी होता. आधीच्या युद्धात आठ वर्षं काढून तो घरी गेला, दुकानाला रंग दिला, आणि रंग पुरता वाळायच्या आत त्याला ह्या युद्धावर बोलावलं, असं त्याने मला सांगितलं. तक्रारीच्या सुरात नाही. एखाद्या वर्षी पीक आलं नाही हे सांगावं, तसं.

तोफ डागली जायची तेव्हा आमच्या चौथ्या मजल्यावर भांडी खाली पडायची. ओंकार किंचाळून उठायचा आणि मग तासभर थरथरत राहायचा. ते एक वेळ सोसलं असतं. पण पलीकडच्या गल्लीतल्या इमारतीवरही अशीच तोफ होती, आणि एका दुपारी त्या इमारतीचे वरचे दोन मजले गेले. आम्ही ते खिडकीतून पाहिलं. धूळ खाली बसल्यावर तिथे एक गुलाबी न्हाणीघर उघडं पडलं होतं, भिंतीवर आरसा तसाच. आई बराच वेळ त्या आरशाकडे पाहत उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ओंकारला शालीत गुंडाळलं आणि मला म्हणाली, "चल, वर जायचंय."

"कुठे वर?" बाबांनी विचारलं.

"गच्चीवर. त्या माणसाशी बोलायला."

"अगं, वेड लागलंय का तुला? सैनिक आहेत ते!"

"तुम्ही गेलात तर तुम्हाला धरून नेतील. बाईला नेऊन काय करणार, स्वैपाक?" आणि ती जिना चढायला लागलीसुद्धा.

गच्चीवर थंड वारा होता आणि समुद्र राखाडी दिसत होता. अबू हैदर एका डब्यात चहा उकळत होता. आम्हाला पाहून तो धडपडत उभा राहिला. त्याच्या हाताखालचे दोघे तोफेच्या आडोशाला पांघरुणं घेऊन पडले होते.

आई सरळ मुद्द्यावर आली. "त्याला म्हणावं, तुझी गोळी त्या विमानाला लागत नाही, पण विमानाची आम्हाला लागणार. मग हा उद्योग कशाला? पलीकडच्या गल्लीत काय झालं ते दिसलं ना? डोळे आहेत की गोट्या? ह्या पोरासाठी मी सोळा वर्षं थांबले आहे. सांग त्याला."

मी घसा साफ केला आणि म्हणाले, "आई विनंती करते, की तोफेमुळे बाळ फार घाबरतं."

"एवढंसंच?" आई म्हणाली. "मी केवढं बोलले! सोळा वर्षांचं सांगितलंस का?"

मग मी सोळा वर्षांचं सांगितलं. ते मला कोणाला सांगायचं नव्हतं. त्या मधल्या वर्षांत आई इस्पितळातून दोनदा रिकाम्या हाताने घरी आली होती आणि आम्ही घरात त्याबद्दल कधीच बोललो नव्हतो. पण आई माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि तिला अरबी येत नसलं तरी मी काही गाळलं तर तिला कळलं असतं. मी सगळं सांगितलं. अबू हैदर ऐकत राहिला. चहा उतू गेला तरी त्याने तिकडे पाहिलं नाही.

"माझ्या हातात असतं तर मी इथे असतो का?" तो शेवटी म्हणाला. "तुझ्या आईला सांग, आमचा अधिकारी तोफांचे आवाज ऐकतो. माझी वाजली नाही तर तो मला उभा करून गोळी घालेल. मला चार मुलं आहेत. मोठी तुझ्याएवढी आहे."

हे मी आईला मराठीत सांगितलं. तिने ओंकारला एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं. "त्याला सांग," ती म्हणाली, "मी त्याच्यावर रागावलेली नाही."

अबू हैदरने हात पँटला पुसले आणि ओंकारचा शालीबाहेर आलेला पाय एका बोटाने हलवला. नाव काय, विचारलं. ओंकार, मी सांगितलं. "उम्म कार?" तो गोंधळला, कारण अरबीत उम्म म्हणजे आई. "कारची आई? मग कार कोण?" मी हसले, मग तोही हसला, आणि आई आम्हा दोघांकडे, हे काय चाललंय, अशी बघत राहिली. वचन त्याने कसलंच दिलं नाही. नुसतं "इन्शाल्ला" म्हणाला. जिना उतरताना आई म्हणाली, "ह्यांचं इन्शाल्ला म्हणजे आपलं 'बघू'. काही होणार नाही."

पण पुढच्या हल्ल्याला आमची तोफ वाजली नाही. इतर गच्च्यांवरून कडकडाट चालला होता, आणि आमची भांडी जागच्या जागी होती. त्याच्या पुढच्याही हल्ल्याला नाही. बोळात गादीवर बसून आम्ही चौघं वर छताकडे पाहायचो आणि कोणी काही बोलायचं नाही, बोललं तर मोडेल असं वाटून. चाची मात्र दुपारी खुबूसचे दोन तुकडे आणि कुळथाच्या पिठीचं पातेलं घेऊन वर गेली. परत आल्यावर म्हणाली, "खाल्लान. ह्ये काय म्हणून विचारीत व्हता. मी म्हटलं, घोड्याचं खाणं हाय, खा."

मग एके दिवशी दुपारी जिन्यात बुटांचे आवाज आले. तरुण अधिकारी होता, कपड्यांना इस्त्री, अत्तराचा वास. त्याच्यामागे दोन शिपाई, आणि त्यांच्यामागे अबू हैदर, डोक्यावर टोपी नाही. दार बाबांनी उघडलं. अधिकाऱ्याने भराभर काहीतरी विचारलं. बाबांचं अरबी सिमेंट आणि सळया मोजण्यापुरतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अधिकाऱ्यानेही पाहिलं.

"तुला येतं? चांगलं. खरं सांगायचं. काल विमानं आली तेव्हा तुमच्या गच्चीवरून तोफ झाडली गेली की नाही?"

अबू हैदर माझ्याकडे पाहत नव्हता. जिन्यातल्या विजेच्या मीटरांकडे पाहत होता, जणू त्यांतला कुठला आपला हे शोधतोय. आजही मला तो क्षण आठवतो तो जिभेच्या आठवणीने. जीभ लाकडासारखी झाली होती.

"झाडली ना," मी म्हणाले. "नेहमी झाडतात."

"समोरच्या इमारतीतले लोक म्हणतात, इथे शांतता होती."

"ते समोर राहतात," मी म्हणाले. "आम्ही खाली राहतो."

"काय म्हणतोय गं?" आईने मागून विचारलं. ती ओंकारला घेऊन बोळातून आली होती.

"तोफ वाजते का विचारतोय," मी मराठीत म्हणाले. "मी हो म्हटलंय."

आईने एकदा अबू हैदरकडे पाहिलं. मग तिने जो सूर लावला तो मी त्याआधी फक्त गुहागरला, आमच्या गावच्या घराच्या वहिवाटीच्या भांडणात ऐकला होता. "वाजते का? वाजते का विचारतोस? अरे, कान किटले आमचे! पोराच्या डोळ्याला डोळा नाही, माझा ताकाचा तांब्या चेपला, भिंतीचे पोपडे पडले! कोण भरून देणार? तू देणार? असा परीटघडीचा उभा काय राहिलास?" ती एकदा छताकडे बोट करायची, एकदा कानाकडे, एकदा ओंकारकडे. एवढ्यात चाची धावत बाहेर आली. तिला काय चाललंय याचा पत्ता नव्हता, पण आई भांडते आहे म्हटल्यावर तिने बाजू घेतली. "बूम बूम! कुल्लू यौम बूम बूम!" म्हणजे रोजच्या रोज. या सगळ्या गलक्याने ओंकार दचकला आणि त्याने भोकाड पसरलं.

अधिकाऱ्याने हाताने थांबा, थांबा अशी खूण केली. "बस. समजलं. कानात कापूस घाला म्हणावं," मला म्हणाला, आणि वळून खाली गेला. शिपाई त्याच्यामागे गेले. अबू हैदर तिथेच उभा राहिला. त्याने उजवा हात छातीवर ठेवला, एकदा आईकडे, एकदा चाचीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं, आणि एकेक पायरी करत वर गेला.

बाबा दारातच खाली बसले. "तुम्ही तिघींनी हे आधी ठरवलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"कधी ठरवणार?" आई म्हणाली. "वेळ कुठे होता?" आणि आत जाऊन तिने अंगावर पांघरूण घेतलं, कारण तिला थंडी वाजून आली होती. चाचीने तिचे तळपाय चोळले. मी न्हाणीघरात जाऊन ओकले.

आता आई म्हणते, की अधिकारी काय बोलत होता ते तिला सगळं समजलं होतं. तिला काही समजलं नव्हतं. तिने फक्त माझा आवाज ऐकला होता. मी ते दुरुस्त करत नाही. त्या दिवसापर्यंत मी घरातली लाजरी मुलगी होते, पाहुणे आले की पडद्यामागे जाणारी. नंतर मी तशी राहिले नाही. आज ईस्ट टामाकीच्या वेअरहाउसमध्ये दिवसभर फोनवर ड्रायव्हरांशी हुज्जत घालते तेव्हा सहकारी म्हणतात, तू कोणाला घाबरत कशी नाहीस? मी इथल्यासारखं "स्वीट ॲज" म्हणते, म्हणजे सगळं मस्त. एवढी मोठी गोष्ट चहाच्या सुटीत कशी सांगणार?

हिवाळ्याच्या शेवटी वीज गेली. मग तेलाच्या विहिरी पेटवल्या गेल्या आणि आकाश काळं झालं. सकाळी उठून कंदील लावायचा. अशा एका सकाळी अबू हैदर दाराशी आला. त्याचे दोन सोबती आदल्या दिवशीच निघून गेले होते. तो दारात उभा राहून हळू आवाजात म्हणाला, "मला घरी जायचंय. अंगावर हे कपडे असले तर दोन्हीकडचे मारतील." पळून जाणाऱ्या सैनिकाला काय होतं आणि त्याला मदत करणाऱ्याला काय होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी ते मराठीत सांगायच्या आतच बाबा आत गेले होते. त्यांनी कपाट उघडलं आणि आपली तपकिरी पँट, चौकड्यांचा शर्ट आणि स्वेटर आणला. कोणालाही विचारलं नाही. पँट आखूड होत होती. आईने हाताच्या शिलाई मशिनवर, कंदिलाच्या उजेडात, तिची दुमड उसवून लांबी वाढवायला घेतली.

तोवर अबू हैदर बसून होता. ओंकार चाचीच्या मांडीवर डोकं खाजवत होता. त्याचं जावळ चिकट होऊन टाळूला बसलं होतं. ह्याचे केस का नाही काढले, अबू हैदरने विचारलं. मी सांगितलं, आमच्यात पहिले केस मामाच्या मांडीवर बसवून काढतात, आणि मामा तर भारतात आहे. त्याने खिसा चाचपला. मग म्हणाला, की वस्तरा त्याच्याकडे आहे, लष्कराचा नव्हे, दुकानातला.

मी आईकडे पाहिलं. मशीन थांबलं होतं. बाबा म्हणाले, "अगं, वस्तरा..."

"मांडी चाचीची," आई म्हणाली. "म्हणजे मामाकडचंच कोणीतरी झालं."

तो खाली मांडी घालून बसला. साबण फेसला. डाव्या हाताच्या दोन बोटांनी त्याने ओंकारची टाळू अशी धरली, की त्या क्षणापासून ओंकार हललाच नाही. तोफेपाशी कधी त्या माणसाचे हात स्थिर पाहिले नव्हते. इथे वस्तरा सरकत होता आणि मऊ केस चाचीच्या ओढणीवर पडत होते. तो तोंडाने काहीतरी गुणगुणत होता. शेवटी त्याने ओल्या फडक्याने डोकं पुसलं आणि दुकानात गिऱ्हाइकाला आरसा दाखवावा तसं ओंकारला आईसमोर धरलं. आई रडत होती. तिने त्याच्या हातात पँट दिली.

तो समुद्राकडच्या गल्लीने गेला, बाबांच्या स्वेटरमध्ये, पाठीला पोक काढून, कोणीही एक म्हातारा कामगार. त्याचा गणवेश चाचीने चुलीत घातला आणि त्यावर चहाचं पाणी तापवलं. त्याचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. दोनच दिवसांनी सगळं सैन्य त्याच दिशेने पळालं आणि त्या रस्त्यावर विमानांनी त्यांचं काय केलं हे जगाला ठाऊक आहे. आई म्हणते, तो आधी निघाला, पायी निघाला, शेताशेतांतून गेला असणार, पोचला. पूर्वी मी तिच्याशी वाद घालायचे. आता नाही. ओंकारचं डोकं तिशीतच विरळ झालं, माउंट वेलिंग्टनच्या त्याच्या ऑफिसात त्याला त्यावरून चिडवतात, आणि आई म्हणते, "हात चांगला होता त्याचा. हे टक्कल तुमच्या बाबांकडून आलंय."

लढाई संपली तरी आकाश काळंच होतं. कपड्यांवर, ताटांत, नाकात काजळी. गल्लीत पाण्याचा टँकर आला तेव्हा बाबांनी घरातलं प्रत्येक भांडं भरून वर आणलं, वाट्यासुद्धा. आणि मग एका दुपारी वारा फिरला. समुद्रावरून काळ्याची कड उचलली गेली, खालून निळी पट्टी दिसली, आणि ऊन आमच्या गल्लीत आलं. कुलूप लावलेल्या वाटणाऱ्या दारांतून माणसं बाहेर आली. कुठे होती इतके दिवस? कोणी कोणाला मिठ्या मारत होतं, कोणी नुसतं भिंतीला टेकून डोळे मिटून उभं होतं.

आईने पाट मागवला. खाली, इमारतीच्या दाराशी, भर उन्हात ती पाय पसरून बसली आणि ओंकारला पायांवर घेतलं. बाळ जन्मल्यापासून तिने त्याला कधी मनासारखं न्हाऊ घातलं नव्हतं. घाईघाईने ओल्या फडक्याने पुसायचं, कान वर आकाशाकडे. त्या दिवशी तिने सावकाश तेल लावलं. हात, पाय, पाठ, तुळतुळीत डोकं. चाचीने मसूर डाळीचं पीठ कुठूनतरी पैदा केलं होतं. मी तांब्याने कोमट पाणी घालत होते. पाणी डोक्यावरून ओघळलं आणि ओंकारने छाती भरून घेतली आणि तो रडायला लागला. लालबुंद होऊन, मुठी आवळून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. त्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून इतके महिने जायचा, तसा माझा हात सवयीने त्याच्या तोंडाकडे गेला.

बाबांनी माझं मनगट धरलं. "रडू दे," ते म्हणाले. "घाल पाणी."